तो न दिलेला ठिपका
तेल दानच्या शिलालेखाने बायबलमधला दावीद राजा जसाच्या तसा ‘सिद्ध’ झाला, असं दावीद आणि गल्याथ यांच्यावरच्या एका लेखात म्हटलंय. जरा दमानं! १९९३ साली उत्तर इस्रायलमध्ये मिळालेला हा बेसाल्टचा तुकडा नंतरच्या एका भिंतीत साधा दगड म्हणून बसवलेला होता. त्यावरच्या अरामी मजकुरात शब्दाशब्दांमध्ये ठिपके आहेत, पण ‘बैत’ (म्हणजे घर, घराणं) आणि ‘दावीद’ यांच्यामध्ये मात्र नाही. मग हे दोन शब्द की एकच? तेवढ्यावरून अभ्यासकांत केवढी जुंपली! बहुतेकांनी ‘दावीदचं घराणं’ हेच वाचन मान्य केलंय, मलाही पटतं. म्हणजे इसवी सनपूर्व नवव्या शतकात हा मजकूर कोरवणारा शत्रूसुद्धा यहूदा या प्राचीन ज्यू राज्याच्या राजघराण्याला या नावाने ओळखत होता. पण दावीदने गोफणीने गल्याथ या राक्षसी योद्ध्याला मारल्याची गोष्ट यात कुठून आली? दगडावर तर ती नाही. (लेखाला गोफणीचं चित्र मात्र झकास लावलंय.)