पणजीत जुनं देऊळ कुठून असणार?

"तांबडी सुर्ला दाखव त्यांना. पणजीत काय आहे?" फोटोवाला म्हणाला, आणि बागेजवळच्या आमच्या कट्ट्यावर वादाला तोंड फुटलं.

विषय काढला होता टॅक्सीवाल्या मित्राने. सोलापूरचं एक कुटुंब त्याच्या गाडीने फिरणार होतं. बरोबर आजी, म्हणून फार लांब जायचं नव्हतं आणि पायऱ्याही नको होत्या; पण गोव्यातलं एखादं ऐतिहासिक देऊळ आजींना पाहायचंच होतं. मी म्हटलं, मग दादा वैद्य रस्त्यावरची आपली महालक्ष्मी आहे की! त्यावर फोटोवाल्याचं वरचं उत्तर.

त्याचं म्हणणं साफ होतं. "ऐतिहासिक म्हणजे डोळ्यांना दिसलं पाहिजे. तांबडी सुर्ल्याच्या देवळाला कदंब राजांच्या काळचे काळे दगड आहेत, कोरलेले खांब आहेत. इथे काय? गुळगुळीत लाद्या, ट्यूबलाइट, बाहेर स्कूटरची रांग. बाजूने बस गेली की घंटा ऐकू येत नाही. माणूस सोलापूरहून हे बघायला येईल?"

टॅक्सीवाल्याला ते पटत होतं. त्याची अडचण व्यवहाराची. "आमची टूर ठरलेली असते. जुन्या गोव्याची चर्चं, मंगेशी, शांतादुर्गा, मग दोनापावल, संध्याकाळी क्रूझ. दादा वैद्य रस्त्यावर गाडी उभी करायला जागा मिळेपर्यंत माझी मंगेशी होऊन जाते."

मास्तर इतका वेळ चहाचा ग्लास घेऊन गप्प होते. त्यांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. ते फोटोवाल्याला म्हणाले, "तांबडी सुर्ल्याचं देऊळ का वाचलं, सांग बघू."

"जंगलात होतं म्हणून."

"बरोबर. आणि पणजी जंगलात नव्हती. मग इथे जुनं देऊळ कुठून असणार?"

मला मनापासून जे वाटतं ते इथेच आहे. १५४० च्या सुमारास पोर्तुगीजांनी तिसवाडीतली, म्हणजे पणजी ज्या तालुक्यात आहे तिथली, देवळं पाडली. १५४१ मध्ये पणजीच्या टेकडीवर कपेल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर, उभं राहिलं. आज सगळे जिथे फोटो काढतात ते पांढरं चर्च त्याच जागी आहे. १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं. पुढच्या काही वर्षांत सासष्टीतली देवळं गेली आणि देव रातोरात नद्या ओलांडून निघाले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. अंत्रुज महाल, म्हणजे आजचा फोंडा, तेव्हा आदिलशाहीचा, म्हणून तिथे आसरा मिळाला. ताळगावची महालक्ष्मी मांडवीपलीकडे मयेला नेली, असं परंपरा सांगते. फोंड्याच्या देवळांत आपण पाहुण्यांना नेतो, त्या डोंगरकुशीचं कौतुक करतो, पण देव तिथे राहायला गेले ते घर सुटलं म्हणून, हे किती जणांना सांगतो?

आणि परत आले किती? पणजीतलं महालक्ष्मीचं देऊळ १८१८ चं. इन्क्विझिशन कायमचं बंद झालं १८१२ मध्ये. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांत. रिओ पार्दो तेव्हा पोर्तुगीजांचा व्हाइसरॉय होता. राज्य तेच, चर्च तेच, आणि त्याच शहरात देवीला दार मिळालं. पावणेतीनशे वर्षांनी! पणजी रीतसर राजधानी झाली १८४३ ला, म्हणजे देऊळ राजधानीहूनही जुनं. इमारत बदलली असेल, लाद्या नव्या असतील. मला त्याने काही फरक पडत नाही. शहरातल्या देवळाचं वय कमी का, हा प्रश्न विचारला की गोव्याचा सगळा इतिहास समोर येतो. तांबडी सुर्ला कदंबांचं वैभव सांगतं. ती दुसरी गोष्ट, आणि तीही मोलाचीच.

वकील मध्ये पडला. तो नेहमी दुसऱ्या बाजूचा मुद्दा काढतो आणि बहुधा तो खरा असतो. "एवढं एकरंगी करू नका. १७६३ मध्ये फोंडा पोर्तुगीजांकडे आला तेव्हा तिथली देवळं पाडली नाहीत, सांभाळायचं वचन दिलं होतं. तेही पोर्तुगीज राज्यच होतं."

"नव्या काबिजादीत, म्हणजे नंतर जिंकलेल्या मुलखात," मास्तर म्हणाले. "जुन्या काबिजादीत नाही. तिसवाडी, बारदेस, सासष्टी इथे तोवर काय होतं? म्हणून तर १८१८ चं मोल."

वकिलाने ते मान्य केलं, पण त्याची खरी काळजी वेगळी होती. "देऊळ म्हणजे म्युझियम नव्हे. टूरच्या बसेस आणून सोडल्या की काय होतं ते अंत्रुजात पाहिलंय आपण. कपड्यांचे नियम लावावे लागले. इथे सकाळी ऑफिसला जाणारी बाई दोन मिनिटं थांबते, परीक्षेला निघालेला मुलगा पाया पडतो. त्यांच्यामध्ये सेल्फीवाले उभे केलेत तर देऊळ कोणाचं राहील? शिवाय देवळाचा कारभार पाहणाऱ्या महाजनांना विचारणार की नाही? देवस्थानांच्या १९३३ च्या मझानी कायद्यावर चालणाऱ्या संस्था आहेत या."

यावर टॅक्सीवाला खरंच दुखावला. "माझे पाहुणे देवाला हात जोडायला येतात, वकीलसाहेब. आजी काय सेल्फी काढणार?"

वकील ओशाळला, आणि वास्कोचा मित्र बोलायला लागला. हा माणूस वास्कोच्या भजनी सप्ताहाच्या दिवसांत कोणाला सापडत नाही. "तुम्ही मूर्ती आणि दगड धरून बसलात. आमच्याकडे दामोदराच्या देवळात नारळ पुजतात. जांबावलीहून आणलेला. देव मुळात मडगावचा, तो जांबावलीला गेला. एकोणिसावं शतक संपता संपता वास्कोत साथ आली, तेव्हा लोक जांबावलीला गेले आणि देवाचा प्रसाद म्हणून श्रीफळ घेऊन आले. साथ ओसरली, भजन राहिलं. आजही श्रावणात चोवीस तास अखंड भजन चालतं, नंतर जुना नारळ समुद्रात जातो. बाजारातल्या एकेका व्यवसायाचा पार, म्हणजे मिरवणूक, निघतो, दुकानदारांचा, नाभिकांचा. तिथे बघण्यासारखं बांधकाम विचारशील तर फार नाही. पण भर बाजारात ते देऊळ बाजारानेच चालवलंय."

मला हे फार भिडलं. मडगावहून गेलेला देव नारळाच्या रूपाने पुन्हा जुन्या काबिजादीत आला, आणि तोही बंदराच्या गजबजाटात. गर्दी, गाड्या, आवाज यांना आपण देवळाची उणीव समजतो. पण शहरातल्या देवळाला शांतता कशाला हवी? ती डोंगरात आहे, तिथे जावं. इथे यावं ते माणसं आपल्या दिवसातून देवासाठी कसा वेळ काढतात ते पाहायला. पणजीच्या मळा भागातल्या मारुतीचंही तेच. खाली फोंतेन्यशच्या जुन्या वस्तीत रंगीत घरांसमोर फोटोंची झुंबड असते, वर मारुतीकडे मान वळवणारा पाहुणा मी क्वचित पाहिला. त्याचं मला वाईट वाटतं, कारण दोन्ही मिळून ती एकच वस्ती आहे.

फोटोवाला अजून हटला नव्हता. "तुम्ही जे सांगता ते तिथे उभं राहून मला दिसतं का? दिसत नाही. पाहुण्याला कोण सांगणार?"

या प्रश्नाला आमच्यापैकी कोणाकडे चांगलं उत्तर नव्हतं. वकील म्हणाला, आवारात पाटी लावायची तर महाजनांकडे अर्ज करायला हवा, मसुदा तो करून देईल. मास्तर म्हणाले, पाटी होईल तेव्हा होईल, सांगायला टॅक्सीवाला आहे ना.

"मला पाच मिनिटांत सांगता येईल असं सांगा," टॅक्सीवाला म्हणाला. "तारखा तीनच द्या, जास्त राहत नाहीत."

मास्तरांनी १५४०, १५६० आणि १८१८ दिल्या. मग क्रमावरून पुन्हा जुंपली. माझं मत, आधी मंगेशी आणि शांतादुर्गा, शेवटी पणजी. देव गेले कुठे ते आधी पाहावं, मग परत आलेली देवी पाहावी. टॅक्सीवाला म्हणाला, संध्याकाळी सहाला क्रूझ, तेव्हा शेवटी काही जमणार नाही. तो सकाळी आठच्या आत महालक्ष्मीला नेणार, तेव्हा रस्ताही मोकळा असतो. मग रायबंदरच्या वाटेने जाताना नदीपलीकडचं दिवाडी बेट दाखवणार, सप्तकोटेश्वर तिथून नार्व्याला गेला म्हणून, आणि तिथून पुढे मंगेशी. गाडी त्याची, आजीही त्याच्या भरवशावर, त्यामुळे मी माघार घेतली. फोटोवाल्याने आजींसाठी सकाळी देवळापाशी यायचं कबूल केलं. रविवारी मात्र तो तांबडी सुर्ल्यालाच जाणार आहे, आणि मास्तरही त्याच्याबरोबर निघालेत.