कांदेनवमीच्या आधीचा शुक्रवार

बर्गर खाणं सोपं आहे. पाच नाशिककरांना एकाच संध्याकाळी बर्गर खायला बसवणं अवघड.

कल्पना भाच्याची. तो पुण्याला नोकरी करतो आणि अधूनमधून नाशिकला येऊन आम्हाला सुधारतो. "मामा, गंगापूर रोडला एवढे पब झालेत. एका रात्रीत तीन ठिकाणचे बर्गर खाऊ आणि मार्क देऊ." मिसळीबद्दल असं बोलायची कुणाची छाती झाली नसती. नाशिकमध्ये मिसळीला मार्क देत नाहीत, ती कुलदैवतासारखी ठरलेली असते. दुसऱ्याच्या मिसळीला तोंडभरून चांगलं म्हणायचं आणि रविवारी सकाळी आपल्याच ठिकाणी जायचं, हा शिष्टाचार. बर्गर मात्र कुणाचाच कुणी लागत नव्हता. त्यामुळे त्याला नापास करायला सगळे तयार झाले.

मंडळ असं जमलं. भाचा. मी, हिशेबनीस. दिंडोरीकडचा माझा मेहुणा, द्राक्षबागाईतदार. लासलगावला कांद्याची आडत असलेला मित्र, ज्याला सगळे शेठ म्हणतात. आणि शेजारचे काका, नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झालेले. काकांबरोबर काकूही निघाल्या. त्या शाकाहारी, पण काकांच्या कोलेस्टेरॉलवर लक्ष ठेवायला कुणीतरी हवंच होतं. म्हणजे झाले सहा. पाच म्हटलं ते यासाठी, की काकूंना आम्ही तेव्हा परीक्षक धरलं नव्हतं. ही चूक पुढे महागात पडली.

मग मी कॅलेंडर काढलं. सोमवार काकांचा, महादेवाचा. मंगळवार शेठचा, सप्तशृंगीचा. गुरुवारी मेहुणा स्वामींचा वार पाळतो. दिंडोरीत राहून गुरुवारी सामिष खाल्लं तर बागेतला गडीसुद्धा ओळख देणार नाही, असं तो म्हणतो. शनिवार काकूंचा, मारुतीचा. बुधवार सगळ्यांना मोकळा, पण भाचा पुण्यात. रविवारी त्याला परत निघायचं. राहिला शुक्रवार. महिना आषाढाचा. एका शुक्रवारी संकष्टी. आषाढी एकादशीला उपास, वर ड्राय डे, म्हणजे देव आणि सरकार दोघांचंही एकमत. आणि काकू म्हणाल्या, "कांदेनवमीच्या आत काय ते उरका. नंतर माझा चातुर्मास. कांदा-लसूण बंद." कांदेनवमीचं नाव निघताच शेठचा चेहरा उतरला. त्याच्या धंद्यात ही नवमी म्हणजे चार महिन्यांच्या सुतकाची पूर्वसूचना.

असा आषाढ शुद्ध पक्षातला एकुलता एक शुक्रवार हाती लागला. साखरपुड्याच्या तारखेसाठी इतकी खटपट केली नव्हती.

पहिल्या पबात शिरलो तर आत काळोख. आमच्या पिढीला बार म्हणजे परमिट रूम. तिथेही अंधार असतो, पण त्या अंधाराला लाज असते, पडदा असतो, आणि न मागता शेंगदाणे येतात. इथला अंधार मुद्दाम केलेला, वर गाणं इतकं मोठ्याने की टेबलावरचं पाणी थरथरत होतं. भाच्याने सगळ्यांना कागद वाटले. पाव, टिक्की, सॉस, भाज्या, एकूण, प्रत्येकी दहापैकी.

"हॅम्बर्गरमध्ये हॅम म्हणजे डुकराचं ना?" काकूंनी शंका काढली. भाच्याने समजावलं, की हॅमचा काही संबंध नाही, हॅम्बुर्ग हे जर्मनीतलं गाव, त्यावरून नाव पडलं. अमेरिकेत आत गोमांसाचा खिमा असतो. आपल्याकडे २०१५ पासून बैलाच्या मांसावरही बंदी असल्यामुळे इथे चिकन नाहीतर मटण. १९९६ साली परदेशी बर्गरवाले दिल्ली-मुंबईत उतरले तेही गोमांस वगळूनच. "म्हणजे गाव त्यांचं, नाव त्यांचं, आणि आत आपलं बोकड," काका म्हणाले. "नोटेचा कागदही पूर्वी बाहेरूनच यायचा."

बर्गर आला. वीतभर उंच, मधोमध लाकडी काडी खुपसलेली. काकांनी मोबाइलचा टॉर्च लावला. आयुष्यभर नोटांचे ताव तपासलेला माणूस. त्यांनी पावाचं झाकण उचललं, टिक्कीच्या कडा पाहिल्या, टिक्की काट्याने उचलून उजेडासमोर धरली आणि म्हणाले, "छपाई सरकलीय." म्हणजे टिक्की पावाच्या मध्यावर नव्हती. चार मार्क कापले.

मेहुण्याने बोटावर सॉस घेऊन चाटला. "दाजी, याची ब्रिक्स अठराच्या वर जाईल. एवढी साखर माझ्या बागेत आली तर व्यापारी गळ्यात पडेल. खिम्याबरोबर कशाला?" शेठने तर बर्गर खाल्लाच नाही आधी. आतली कांद्याची चकती काढली, तिचा व्यास पाहिला आणि वेटरला बोलावलं. "ही गोल्टी आहे, बारका कांदा. उन्हाळ कांद्यातली गोल्टी. एवढे पैसे घेता आणि गोल्टी घालता?" वेटर बिचारा परराज्यातला. त्याला वाटलं गोल्टी हे एखादं पेय आहे. तो म्हणाला, "सर, वो खतम हो गया."

मग काकांना रस्सा हवा झाला. पाव कोरडा लागतोय म्हणे. वेटरने वाटीत पिवळं डिप आणलं. काकांनी त्यात पाव बुडवला, संपवला आणि सवयीने म्हणाले, "अजून दोन पाव आण." पाव सुटा मिळत नाही, हे ऐकल्यावर काकांचा या खाद्यसंस्कृतीवरचा उरलासुरला विश्वास उडाला. ज्या ठिकाणी एक्स्ट्रा पाव मिळत नाही त्याला ते हॉटेल मानत नाहीत.

माझी अडचण वेगळी. त्या गोंगाटात मार्क लिहून घ्यायचे. "सात!" भाचा ओरडला. मी "साठ?" विचारलं. शेठने "आठ" म्हटलं ते मी "साथ" ऐकलं आणि कुणाची म्हणून विचारत बसलो. शेवटी बेरीज पन्नासपैकी एक्क्याऐंशी भरली. काकांनी फेरमोजणी मागितली.

त्यावर मेहुण्याने तोडगा काढला. "आकडे सोडा. गोदेला पूर आला तर कुणी क्युसेक विचारतं का? नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं, एवढंच विचारतात." हे सगळ्यांना एकदम पटलं. घोट्यापर्यंत म्हणजे फुकट, गुडघ्यापर्यंत म्हणजे बरा, कमरेपर्यंत चांगला, छातीपर्यंत म्हणजे पुन्हा यायचं, डोक्यावरून गेला तर घरच्यांनाही आणायचं. आणि हातवारे करून सांगता येतं, गाणं कितीही वाजो. फक्त काका गंभीर झाले. मारुतीला खिम्यात ओढणं त्यांना प्रशस्त वाटेना. काकू म्हणाल्या, "आज शुक्रवार आहे. चालतं."

पुढचा एक तास शेजारच्या टेबलावरची पोरं आमच्याकडे बघत होती. कारण दुसऱ्या पबात पाच प्रौढ माणसं बर्गरचा घास घेऊन एकमेकांना गंभीरपणे स्वतःचे गुडघे आणि कमरा दाखवत होती.

तो दुसरा बर्गर कमरेपर्यंत गेला. त्याबद्दल एवढंच आठवतं, कारण तोवर पोट भरलं होतं. तिसऱ्या ठिकाणी तर टिक्की एका बाजूने करपलेली, सगळे गप्प, बाहेर धो धो पाऊस. काकांच्या कवळीत पावावरचे तीळ अडकले होते. मी घोट्याकडे बोट दाखवलं, कुणी वाद घातला नाही. बिल मात्र छातीपर्यंत आलं.

रिक्षाची वाट बघत छपराखाली उभे असताना कळलं, की काकूंनी तिन्ही ठिकाणी पनीरचा बर्गर मागवला होता आणि तिन्ही पूर्ण संपवले होते. आम्ही चोखंदळपणा करत पाव उचकत बसलो, तेव्हा त्या मुकाट्याने जेवत होत्या. भाच्याने विचारलं, "काकू, कुठला चांगला?"

"दुसरा," त्या म्हणाल्या. "टिक्कीत जिरं भाजून घातलं होतं. पहिल्याचा पाव ताजा होता पण तूप लावून शेकायला हवा होता. तिसऱ्याने तळणीचं तेल बदललेलं नाही." एवढं बोलून त्या रिक्षात बसल्या. आमचे पाच कागद माझ्या खिशात भिजून त्यांचा लगदा झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याचा फोन. "मामा, पुढच्या महिन्यात पिझ्झा?"

मी कॅलेंडर काढलं. पुढच्या महिन्यात श्रावण लागत होता. इतक्या प्रेमाने मी श्रावणाकडे कधी पाहिलं नव्हतं.