अंतरावरून विमानाचा वेळ काढू नका

गेल्या महिन्यात मावशी पहिल्यांदाच एकटीने विमानप्रवासाला निघाली. मध्ये विमान बदलायचं होतं. दोन्ही तिकिटं मीच काढली, तीही वेगवेगळी. नेटवर दोन विमानतळांमधलं अंतर पाहिलं, शेजारी 'उड्डाण १ तास १० मिनिटं' असं होतं, आणि त्या भरवशावर मी पुढचं विमान निवडलं. ते चुकलं. साठी उलटलेली बाई अनोळखी विमानतळावर सहा तास बसून राहिली. ते मनाला फार लागलं, म्हणून लिहितेय.

तो आकडा येतो कुठून? पृथ्वीच्या गोलावरचं दोन ठिकाणांमधलं सर्वांत जवळचं अंतर, म्हणजे ग्रेट सर्कल, घ्यायचं आणि ताशी ८५०-९०० किलोमीटरने भागायचं. पण हा वेग वर पोचल्यावरचा. १० हजार फुटांखाली बहुतेक ठिकाणी २५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटर, ही मर्यादा असते. आणि विमानतळ दोनेकशे किलोमीटर दूर असतानाच विमान खाली यायला लागतं. छोट्या प्रवासात पूर्ण वेगाचा टप्पा उरतो तरी किती? शिवाय धावपट्टीपर्यंतची रांग, उतरण्याआधीच्या घिरट्या. तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतचा असतो, त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. प्रवाशाच्या कामाचा तेवढाच.

लांब पल्ल्याला तर अंतराची आणि वेळेची पूर्ण फारकत होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. रस्ता जवळपास १,४०० किलोमीटरने वाढला, वेळ मात्र सुमारे दोन तासांनी घटला! पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा, पाठीशी होता ना. न्यूयॉर्क–लंडन साधारण ५,५४० किलोमीटर. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यावर स्वार होऊन एक विमान ४ तास ५६ मिनिटांत लंडनला उतरलं. उलट दिशेला त्याच अंतराला एरवी आठेक तास लागतात.

हेलसिंकी–टोकियोचं उदाहरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं. २०२२ मध्ये युरोपीय विमान कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं आणि नऊ-साडेनऊ तासांचा प्रवास १३ तासांवर गेला. दोन्ही विमानतळ जागच्या जागी, नकाशावरचं अंतर तेच.

म्हणून मला हे स्पष्टपणे चुकीचं वाटतं, की नुसत्या भागाकारातून आलेला वेळ मिनिटापर्यंत नेमका असल्यासारखा छापला जातो. अंतर द्या, जरूर द्या, पण वेळ द्यायचा तर ब्लॉक टाइमच द्या. ज्याला चार वेळा प्रवास घडलाय तो समजून घेतो. पहिल्यांदा जाणारा, किंवा दुरून त्याच्यासाठी तिकीट काढणारा, तो आकडा खरा धरून चालतो. आणि हो, तिकिटावरच्या वेळांची नुसती वजाबाकीही करू नका. निघण्याची वेळ इथली असते, पोचण्याची तिथली.

मावशीचं परतीचं तिकीट काढलंय. सबंध प्रवासाचं एकच, मध्ये साडेतीन तास ठेवून.