वायर बदलून काय होणार? खोली तीच आहे!

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मेसेज गेल्या पंधरा दिवसांत तिघांनी टाकला. थोडक्यात सांगायचं तर, घरच्या म्युझिक सिस्टिमचा आवाज सुधारायचाय? मग सोन्याचा मुलामा दिलेली जाड केबल घाला, जास्त वॅटचा ॲम्प्लिफायर आणा, स्पीकर कोपऱ्यात सरकवा, भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवा, नवे स्पीकर शंभर तास वाजवून ‘मुरवा’ आणि गाणी २४ बिटचीच ऐका.

एरवी मी अंगठा दाखवून पुढे गेलो असतो. पण मामाने साडेसहा हजारांची केबल आणली आणि रविवारी सकाळी फोन केला, “अरे, पैसे घालून डग्गा गेला!”

मामाची सिस्टिम वीस वर्षांची. लालबागच्या चाळीत ती गोड वाजायची. चाळ पाडली, टॉवर उभा राहिला, मामा चौदाव्या मजल्यावर गेला. स्पीकर तेच, ॲम्प्लिफायर तोच, पण आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. फॉरवर्डने याचं खापर वायरवर फोडलं. अहो, पण चाळीतही वायर तीच होती!

तर आधी वायरच घेऊ. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी तांब्याची दीड चौरस मिलिमीटरची साधी वायर घ्या. स्पीकरपर्यंत पाच मीटर, म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर. तिचा रोध साधारण ०.१२ ओहम. स्पीकर आठ ओहमचा. म्हणजे वायरमध्ये व्होल्टेज वाया जातं दीड टक्का, आणि आवाजात फरक ०.१३ डेसिबल. एवढा फरक कानाला कळत नाही. फार लांब वायर न्यायची असेल तर अडीच चौरस मिलिमीटरची घ्या, विषय संपला. एचडीएमआय किंवा ऑप्टिकल केबलमधून तर आकडेच जातात. ते धड पोचतात, नाहीतर आवाज तुटतो. महागड्या केबलमुळे त्यांना गोडवा येत नाही. सोन्याच्या मुलाम्याचा एक फायदा मात्र मान्य: तो गंजत नाही. समुद्राच्या खाऱ्या हवेत साध्या तांब्याची टोकं काळी पडतात, हे मुंबईकराला सांगायला नको. त्यावर उपाय म्हणजे वर्षातून एकदा वायरीचं टोक अर्धा इंच कापायचं, नवं सोलायचं आणि घट्ट पिळून लावायचं. खर्च शून्य.

मग मामाचा डग्गा गेला कुठे? मी स्पीकरमागे बॅटरी मारून पाहिलं. डाव्या स्पीकरला रेघेची तार लाल खुंटीत होती, उजव्याला तीच काळ्यात. नव्या केबलच्या दोन्ही तारा दिसायला सारख्याच, एकीवर बारीक रेघ तेवढी. चष्म्याशिवाय ती मामाला दिसली नव्हती. असं झालं की एका स्पीकरचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. गायिकेचा आवाजही मधोमध न उमटता खोलीभर सांडतो. मी स्क्रू सैल करून वायर उलटवली. मामाने तेच गाणं पुन्हा लावलं, समेवर मान हलवली आणि म्हणाला, “आला!”

डग्गा आला, पण पत्र्याचा डबा तसाच होता. मी हॉलच्या मधोमध उभा राहून एक टाळी वाजवली. टाळीमागे ‘टर्रर्र’ असा बारीक आवाज उठला, समोरासमोरच्या दोन कोऱ्या भिंतींत टप्पे खात गेला. चाळीच्या खोलीत काय होतं आठवा: लाकडी माळा, पलंगावर गोधड्यांची चळत, दोरीवर कपडे, पत्र्याच्या ट्रंकांवर टाकलेली जुनी साडी. यातलं प्रत्येक जण आवाज गिळत होतं. इथे खाली गुळगुळीत टाइल्स, समोर काचेची सरकती खिडकी आणि भिंतीवर फक्त टीव्ही. स्पीकरचा सूर कानाला एकदा थेट मिळतो आणि मागोमाग त्याच्या दहा नकला येतात. याला कोणती केबल काय करणार?

कोपऱ्याचा सल्ला तर उलट बाधणारा. भिंतीला लागून ठेवलेल्या स्पीकरचा बास, म्हणजे खालचे सूर, वाढतो, कोपऱ्यात आणखी वाढतो, हे खरं. पण तो बास गाण्यातला नसतो, खोलीचा असतो. मामाचा हॉल चौदा फूट लांब आणि दहा फूट रुंद. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४४ मीटर धरला, तर अशा खोलीत लांबीमुळे ४० आणि रुंदीमुळे ५६ हर्ट्झच्या आसपासचे सूर घुमतात. कोपऱ्यातला स्पीकर नेमक्या त्याच सुरांना फुंकर घालतो. त्यात आपल्याकडे सोफा भिंतीला चिकटवायची रीत, आणि भिंतीपाशी घुमणं सगळ्यात जास्त. आम्ही स्पीकर शोकेसच्या डोक्यावरून उतरवून स्टुलांवर ठेवले, वरचे सूर वाजवणारा छोटा ट्वीटर आपण बसल्यावर कानाच्या उंचीला येईल असे. मागच्या भिंतीपासून दीड फूट पुढे, दोघांमधलं अंतर सोफ्यापर्यंतच्या अंतराएवढं. सोफाही फूटभर पुढे. मामी म्हणाली, “आता केर काढायला जागा झाली.” मुंबईच्या घरात फूटभर जागा मागणं म्हणजे काय, ते मला कळतं. सोफा पुढे घेणं जमत नसेल तर निदान कोपरा सोडा.

अंड्यांच्या ट्रेबद्दल काय बोलावं? पातळ पुठ्ठा वरच्या पट्टीचे थोडे सूर शोषतो, बास त्यातून बेधडक आरपार जातो. १०० हर्ट्झची लाट साडेतीन मीटर लांब असते, दोन इंचांचा खड्डा तिला काय अडवणार! शेजाऱ्याकडे जाणारा आवाज अडवायला तर वजनदार भिंतच लागते. वर तो पुठ्ठा पटकन पेट घेतो आणि झुरळांची सोय होते ती वेगळीच. त्यापेक्षा जाड पडदा, खाली सतरंजी आणि पुस्तकांनी गच्च भरलेलं कपाट. नेमकं कुठे लावायचं हे आरसा सांगतो. आपण सोफ्यावर बसायचं, दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यायचा. जिथे आरशात स्पीकर दिसेल, तिथूनच आवाज आपटून येतोय.

वॅटची गंमत मात्र ऐका. एका स्पीकर-सेटच्या खोक्यावर ‘३००० वॅट पीएमपीओ’ लिहिलेलं होतं, पीएमपीओ म्हणजे क्षणभरापुरता, कागदावरचा कमाल आकडा. मागे अडॅप्टर पाहिला तर १२ व्होल्ट, २ अँपिअर. गुणाकार चोवीस. चोवीस वॅट खाणारं यंत्र सतत तीन हजार वॅट बाहेर कुठून काढणार? वॅट खरेच दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो. कानाला दुप्पट वाटायला सुमारे दहापट वॅट लागतात. एवढ्याशा हॉलमध्ये नेहमीच्या आवाजात गाणं ऐकताना स्पीकर सरासरी एखाददुसरा वॅट घेतो. वरची ताकद लागते ती अचानकच्या जोरकस ठोक्यांसाठी, आणि त्याला चाळीस-पन्नास खरे वॅट पुष्कळ झाले.

शंभर तास मुरवण्याचं म्हणाल, तर मुरतो तो मुख्यतः आपला कान. जुन्या स्पीकरचं मात्र उलटं होतं. पडद्याच्या कडेची फोमची पट्टी दमट हवेत कुजून चुरा होते. बोटाने हलकेच दाबून बघा. ती फाटली असेल तर पट्टी बदलून मिळते, अख्खा स्पीकर टाकू नका.

राहिलं २४ बिट. बिट म्हणजे आवाजाचा प्रत्येक नमुना किती बारकाईने टिपलाय, त्याचं माप. १९८२ साली आलेली सीडी १६ बिटची, सेकंदाला ४४,१०० नमुन्यांची. ती २२ हजार हर्ट्झपर्यंतचे सूर धरते. माणसाचा कान तरुणपणी २० हजारांपर्यंत ऐकतो, बासष्टीच्या मामाचा त्याहून बराच कमी. त्यात लालबागच्या पुलावरच्या गाड्या, कुकरच्या शिट्ट्या. एवढ्या गोंगाटात १६ च्या वरच्या बिटांचा बारकावा बुडूनच जातो. फोनच्या ॲपमध्ये गाणं दाबून लहान करणारा ‘डेटा सेव्हर’ चालू राहिला असेल तर तो बंद करा, फरक तिथे पडेल.

केबल दुकानदाराने परत घेतली नाही. ती आहे तिथेच आहे, वाजतेही ठीक. मामीने पडद्याचं कापड आणायचं ठरवलंय, आणि माळ्यावर टाकलेल्या दोन गोधड्या पुन्हा खाली आल्यात. मामा त्या स्पीकरसमोर अंथरतो, मामी आल्यागेल्या पाहुण्यांसमोर उचलून ठेवते.