क्रोम काढून टाका म्हणे!

परभणी, हिंगोली, नांदेडकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज धुमाकूळ घालतोय. भजनी मंडळाच्या ग्रुपवर तोच, कृषी केंद्रवाल्यांच्या ग्रुपवरही तोच. मजकूर थोडक्यात असा: "सरकारने क्रोम धोकादायक ठरवले आहे, आजच काढा. क्रोममुळेच मोबाईलवर व्हायरसचे इशारे येतात. त्याऐवजी संपूर्ण स्वदेशी उला ब्राउझर घ्या, त्यात परदेशी काहीच नाही. बँकेचे, आधारचे काम इन्कॉग्निटोमध्ये करा, मागे काही राहत नाही. कुलूप दिसले की साइट खरी. तसेही अमेरिकेच्या कोर्टाने क्रोम विकायला लावले आहे. खालील लिंकवरून उला डाउनलोड करा आणि सर्वांना पाठवा."

माझं सेलूत ऑनलाइन कामाचं दुकान आहे. सातबारा, पीक विमा, महाडीबीटी, पोरांचे सीईटीचे फॉर्म. हा मेसेज फिरायला लागल्यापासून गिऱ्हाईक काम सांगायच्या आधी मोबाईल पुढं करतं, "भाऊ, आधी तेवढं क्रोम काढून द्या." प्रत्येकाला वेगळं समजावण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

सरकारचं आधी. सर्ट-इन नावाची केंद्र सरकारची संस्था क्रोममधल्या त्रुटींबद्दल सूचना काढते, हे खरं आहे. वरचेवर काढते. फायरफॉक्सबद्दल काढते, एजबद्दल काढते, ॲपलच्या वस्तूंबद्दलही काढते. त्या सूचनेत कोणत्या आवृत्तीत दोष आहे ते लिहिलेलं असतं आणि खाली उपाय असतो: अपडेट करा. मेसेजवाल्यानं मथळा वाचला, उपायापर्यंत तो पोचलाच नाही. सरकारला एखादा ब्राउझर खरंच नको असला तर काय होतं, ते आपण जून 2020 मध्ये पाहिलंय. 59 चिनी ॲप्सवर बंदी आली, त्यात यूसी ब्राउझर होता. तो आपल्याकडं गावोगाव चालायचा, पण बंदी येताच प्ले स्टोअरवरून उडाला. तिथं फॉरवर्डची गरज पडली नव्हती.

शिवाय बहुतेक अँड्रॉइड फोनवर क्रोम काढताच येत नाही, फक्त बंद करता येतं. बंद केलं तरी बाकीची ॲप्स आपल्या पोटात जी वेबपानं उघडतात, ती वेबव्ह्यू नावाच्या भागातून, आणि त्याचं इंजिन, म्हणजे पान उघडून दाखवणारा गाभा, क्रोमचाच असतो. खरी काळजी जुन्या फोनवाल्यांनी करावी. ऑगस्ट 2025 पासून नव्या क्रोमला किमान अँड्रॉइड 10 लागतं. त्याखालच्या फोनला दुरुस्त्या मिळणं थांबलं. विंडोज 7 वर तर क्रोम 2023 सालीच 109 या आवृत्तीवर अडकलं. तालुक्याच्या गावातल्या कित्येक दुकानांत अजून तीच विंडोज चालू आहे, आणि लोक बिनधास्त त्यावर नेट बँकिंग करतात. यावर मात्र कुणी मेसेज लिहीत नाही.

आता ते व्हायरसचे इशारे. इथं जरा थांबू, कारण मेसेजमधला हाच भाग लोकांना सगळ्यात पटतो. परवा एक मावशी आल्या. फोन दर दोन मिनिटाला टिंग टिंग. लाल चिन्ह, "तुमच्या फोनमध्ये 13 व्हायरस, लगेच साफ करा." मावशींची खात्रीच झाली होती की फोन गेला. त्या इशाऱ्यावर बोट दाबून धरलं तर बारीक अक्षरात क्रोमचं नाव, आणि त्याला चिकटून कुठल्याशा सिनेमे फुकट देणाऱ्या साइटचा पत्ता. म्हणजे तो इशारा फोननं दिलेला नव्हता, क्रोमनंही नव्हता, त्या साइटनं पाठवलेली जाहिरात होती. नातवानं कधीतरी ती साइट उघडली असणार. अशा साइटवर पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं, "तुम्ही रोबो नाही हे दाखवण्यासाठी अलाऊ दाबा." पोरगं दाबतं. त्या एका अलाऊनं साइटला रात्रंदिवस नोटिफिकेशन पाठवायचा परवाना मिळतो.

क्रोमच्या तीन टिंबांतून सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं गेलं की अशा साइटींची यादीच दिसते. एकेक ब्लॉक केली, फोन गप्प झाला. अँटिव्हायरस लागला नाही, क्रोमही काढावं लागलं नाही. मावशींना मात्र पटलं नाही. "एवढंच?" म्हणाल्या. कुणीतरी त्यांना फोन फॉरमॅट करायचे पैसे सांगितले होते! क्रोम काढून दुसरा कुठलाही ब्राउझर टाका आणि त्यात तेच अलाऊ दाबा, टिंग टिंग पुन्हा सुरू. आणि इशाऱ्यातलं "साफ करा" चुकूनही दाबू नका, खरी लबाडी त्याच्या पलीकडं असते.

उलाबद्दल बोलताना मला सांभाळून बोलावं लागतं, कारण लोक लगेच देशप्रेमावर येतात. ब्राउझर चांगला आहे. चेन्नईच्या झोहो कंपनीनं तो 2023 मध्ये आणला. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयानं भारतीय ब्राउझरसाठी स्पर्धा ठेवली होती, तिचं एक कोटीचं पहिलं बक्षीस मार्च 2025 मध्ये झोहोलाच मिळालं. पण "परदेशी काहीच नाही" हे खोटं. उला क्रोमियमवर बांधलेला आहे, आणि क्रोमियम हे गूगलनं 2008 मध्ये सर्वांसाठी खुलं केलेलं काम. मायक्रोसॉफ्टचं एज 2020 पासून त्यावरच चालतं. ऑपेरा, ब्रेव्ह, सॅमसंगचा ब्राउझर, सगळे तिथलेच. भाकरी वेगवेगळ्या घरची, पीठ एकाच गिरणीतलं. क्रोमियममध्ये भोक सापडलं की या सगळ्यांनाच अपडेट काढावं लागतं, उलालाही. खरोखर वेगळं इंजिन हवं असेल तर अँड्रॉइडवर ठळक पर्याय फायरफॉक्सचा. आयफोनवर तर आपल्या देशात तेवढीही निवड नाही, तिथं कोणताही ब्राउझर टाका, आत ॲपलचं वेबकिट नावाचं इंजिनच असतं.

माहिती कोणत्या कंपनीच्या हाती जावी, या विचारानं कुणी उला वापरत असेल तर ते मला मान्य आहे. जरूर वापरा. फक्त उला उघडून त्यात जीमेलला लॉगिन करायचं, गूगलवरच शोधायचं आणि वर म्हणायचं की गूगलला काही कळत नाही, याला काही अर्थ नाही.

इन्कॉग्निटोचा, म्हणजे ब्राउझरच्या खासगी खिडकीचा, सल्ला अर्धा बरोबर आहे. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर काम करताना तो वापरावाच. खिडकी बंद केली की पानांची नोंद, लॉगिन, भरलेली माहिती त्या मशीनवरून जाते. पण डाउनलोड केलेली फाइल जात नाही. माझ्या धंद्यातली सगळ्यात मोठी ढिलाई हीच आहे. कुठल्याही सेवा केंद्रातल्या कॉम्प्युटरचा डाउनलोड फोल्डर उघडा, अख्ख्या पंचक्रोशीचे ई-आधार तिथं पडलेले असतात. त्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मसाल. गावात कुणाचं नाव आणि वय कुणाला माहीत नसतं? म्हणून काम झालं की दुकानदाराला फोल्डर उघडायला लावा, आपली फाइल काढायला लावा, रिसायकल बिनसुद्धा रिकामं करायला लावा. लाजू नका. तोंड वाकडं करणाऱ्याकडं पुन्हा जाऊ नका.

आणि तुम्ही उघडलेल्या साइटला, नेट पुरवणाऱ्या कंपनीला इन्कॉग्निटोतही तुमची ये-जा दिसते. याच कारणावरून अमेरिकेत 2020 मध्ये गूगलवर खटला झाला होता. 2024 मध्ये तडजोड झाली तेव्हा गूगलनं कोट्यवधी नोंदी पुसायचं कबूल केलं आणि इन्कॉग्निटो उघडल्यावर दिसणारी सूचनाही बदलली.

कुलपाचं लवकर आटोपतो. कुलूप एवढंच सांगतं की तुमच्यापासून साइटपर्यंतची वाट बंदिस्त आहे. पलीकडं बसलेला साव की चोर, ते नाही सांगत. कुलपासाठी लागणारं प्रमाणपत्र चोरालाही फुकटात मिळतं. या गैरसमजापायीच क्रोमनं सप्टेंबर 2023 मध्ये ते चिन्ह काढून टाकलं. बघायचा तो पत्ता. लाडकी बहीणची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा बनावट साइटींचं पेवच फुटलं. सुरुवातीचं https:// सोडून पहिल्या तिरक्या रेषेपर्यंतचा पत्ता उजवीकडून वाचा. शेवट "डॉट गव्ह डॉट इन" असेल तर सरकारी. "महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन डॉट अमुक डॉट कॉम" असा असेल तर तो पत्ता अमुकचा आहे, महाराष्ट्राचा नाही.

कोर्टाचं म्हणाल तर बातमी उलटी आहे. सर्चमध्ये गूगलनं बेकायदा मक्तेदारी केली, असा निकाल न्यायाधीश अमित मेहता यांनी ऑगस्ट 2024 मध्ये दिला. सरकारी वकिलांनी क्रोम विकायला लावा अशी मागणीही केली. पण सप्टेंबर 2025 मध्ये कोर्टानं ती फेटाळली, फक्त इतरांना दार बंद करणारे करार करू नका आणि सर्चची काही माहिती प्रतिस्पर्ध्यांना द्या, असं बजावलं. क्रोम गूगलकडंच आहे. आपल्याकडंही स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर 2022 मध्ये अँड्रॉइडच्या बाबतीत गूगलला 1,337.76 कोटींचा दंड ठोकला होता. मेसेजवाल्याला एवढा राग होता तर ते तरी लिहायचं.

राहिली मेसेजखालची लिंक. ती प्ले स्टोअरला जात नाही, थेट एपीके फाइल, म्हणजे स्टोअरबाहेरून ॲप टाकायची फाइल, उतरवायला लावते. पीएम किसानच्या आणि आरटीओ चलानच्या नावानं अशाच फायली फिरल्या आणि लोकांची खाती साफ झाली. उला हवा असेल तर प्ले स्टोअरमधून घ्या, खाली कंपनीचं नाव झोहो आहे ना ते पाहून. त्या लिंकवरची फाइल आधीच टाकली असेल तर लगेच नेट बंद करा, सेटिंग्जमधून ते ॲप काढा. निघत नसेल तर ॲक्सेसिबिलिटीची आणि डिव्हाइस ॲडमिनची परवानगी आधी काढून घ्या. दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगा. पैसे गेले असतील तर उद्यावर न ढकलता 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा.