"त्या काळी असलं काही नव्हतं" म्हणे!

एक पोस्ट सगळीकडे फिरतीये. म्हणे जुन्या काळावरच्या ब्रिटिश सिरियल्समध्ये गे, लेस्बियन पात्रं उगाच कोंबतात, कारण एक, त्या काळी असलं काही नव्हतं, दोन, असलं तरी माणूस सरळ तुरुंगात गेला असता, घरात नोकरी करत बसला नसता, आणि तीन, बायकांना तर हे माहीतच नसायचं. मला या सिरियल्स जाम आवडतात आणि त्यांच्यात खोट नाहीये असं अजिबात नाही, पण पोस्ट जिथे बोट ठेवतीये तिथे ती नाहीये.

पहिलं. नव्हतं, तर कायदा कुणासाठी केला होता? १५३३ पासून इंग्लंडमध्ये पुरुषांमधल्या अशा संबंधांना फाशी होती, ती कागदावरून गेली १८६१ मध्ये. १७२६ साली लंडनमध्ये मदर क्लॅप म्हणून एक बाई होती, तिच्या घरावर धाड पडली आणि चाळीसेक पुरुष पकडले, तिघांना त्याच वर्षी मे महिन्यात टायबर्नला, म्हणजे लंडनच्या फाशीच्या जागी, लटकवलं. एका घरात, एका रात्री चाळीस! तिथे लोक प्यायला, नाचायला जमायचे, एकमेकांना बायकी टोपणनावं ठेवायचे, गंमतीत लग्नंसुद्धा लावायचे. आता 'होमोसेक्शुअल' हा शब्द छापला गेला थेट १८६९ मध्ये, हे खरंय, पण बारसं उशिरा झालं म्हणून मूल तोवर नव्हतं असं कोण म्हणतं?

दुसरं. इथे पोस्टमध्ये थोडं तथ्य आहे. १८८५ च्या कायद्याने पुरुषांमधल्या कुठल्याही 'असभ्य वर्तना'ला दोन वर्षांपर्यंत कैद झाली, १८९५ मध्ये ऑस्कर वाइल्ड त्यातच सक्तमजुरीला गेला. पण केस व्हायला आधी कुणीतरी तोंड उघडावं लागतं ना, आणि बड्या घरांना पापापेक्षा पेपरात नाव येण्याची धास्ती जास्त. त्यामुळे 'डाउन्टन ॲबी' या सिरियलमध्ये सरदारघराण्यातला नोकर थॉमस बॅरो झोपलेल्या जिमीला, दुसऱ्या नोकराला, किस करतो, पोलीस दारात येतात आणि खुद्द घरमालक अर्लसाहेब प्रकरण मिटवतात, वर शाळेतल्या आठवणी काढतात की ईटनमध्ये असं व्हायचंच, हे मला फारसं अशक्य वाटत नाही. जरा सोयीचं वाटतं, एवढंच.

मला खटकतं ते वेगळंच. सहा सीझन, १९१२ ते १९२५, आणि या माणसाला आपल्यासारखा एक मित्र नाही! पहिल्या एपिसोडमध्ये त्याचा प्रियकर असलेला एक ड्यूक येतो, थॉमसला लिहिलेली आपली पत्रं आगीत टाकून पसार होतो, मग थॉमस एकटा, मग 'बरा' व्हायला इंजेक्शनं घेतो, मग जीव द्यायला निघतो. अरे, लंडनला घर असलेल्या कुटुंबाचा नोकर आहे तो! १८८९ मध्ये लंडनच्या क्लीव्हलँड स्ट्रीटवरच्या पुरुष-वेश्यागृहाचं प्रकरण गाजलं होतं, तारा पोचवणारी पोरं आणि सरदार-दरकदार एकाच घरात सापडले होते, म्हणजे ओळखीपाळखी, अड्डे, सगळं होतं की. थॉमसला तसा अड्डा दिसतो तो २०१९ च्या सिनेमात, यॉर्कमध्ये, आणि तिथेही लगेच धाड. म्हणजे पोस्टवाले म्हणतात पात्रं जास्त झाली, मी म्हणतो अख्ख्या घरात एकच ठेवलंय आणि तेही रडायला.

तिसरं, बायकांचं. हा युक्तिवाद यांच्या आधी लॉर्ड्सनी, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या वरच्या सभागृहाने, करून झालाय :) १९२१ मध्ये बायकांमधले संबंधही गुन्हा ठरवायचं कलम खालच्या सभागृहाने, कॉमन्सनी, पास केलं होतं, ते लॉर्ड्सनी पाडलं, का, तर बहुतेक बायकांनी हे ऐकलेलंच नाही, कायदा करून उगाच कशाला सांगा. तोपर्यंत बायकांवर प्रेम करणाऱ्या, इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सच्या ॲन लिस्टरला जाऊन ऐंशी वर्षं झाली होती. 'जंटलमन जॅक' ही सिरियल हिच्यावरच आहे. शिबडेन हॉलची मालकीण, १७९१ चा जन्म, डायरी पन्नास लाखांच्या आसपास शब्दांची, त्यातला सहावा भाग ग्रीक अक्षरं आणि बीजगणिताची चिन्हं मिसळून केलेल्या सांकेतिक लिपीत. आणि एकटी बिकटी नव्हे हां, आधी इझाबेला, मग मारियाना, मग ॲन वॉकर, जिच्यासोबत १८३४ च्या ईस्टरला यॉर्कच्या चर्चमध्ये प्रसाद घेऊन दोघींनी आपलं लग्न झालं असं मानलं. १८२२ मध्ये ती मुद्दाम वेल्समध्ये लँगॉलनच्या दोन बायकांना बघून आली होती, ज्या पन्नासेक वर्षं एकत्र राहिल्या आणि ज्यांच्या घरी मोठमोठे लोक भेटायला जायचे. माहीत नव्हतं म्हणे!

पुरावा कमी का दिसतो, तेही याच डायरीत आहे. १८९० च्या दशकात घराण्यातल्या जॉन लिस्टरने मित्राला घेऊन ती लिपी फोडली, वाचून मित्र हादरला, म्हणाला जाळून टाक. 'डाउन्टन'मधल्या त्या ड्यूकने पत्रं जाळली तशीच. जॉनने जाळली नाही, भिंतीच्या लाकडी फळीमागे परत ठेवून दिली.