फेणी पिल्लांना नको, मावशी

पेडण्याहून मावशीचा फोन आला तेव्हा मी खुराड्यावर ताडपत्री ओढत होतो. पलीकडून थेट प्रश्न : "पिल्लांना सर्दी झालीय रे. फेणीचे थेंब किती घालायचे, पाच की सहा?"

मला वाटलं, पावसाच्या आवाजात चुकीचं ऐकलं. तसं नव्हतं. तिच्या महिला मंडळाच्या व्हॉट्सॲपवर 'गावठी कोंबडी पाळणाऱ्यांनी वाचाच! कंपनीचं विष बंद करा' असा दहा कलमांचा संदेश फिरत होता. खाली सही 'एक अनुभवी शेतकरी'. गाव नाही, नाव नाही. मावशीने सोळा पिल्लं आणली होती, पाचव्या दिवशी बारा उरली होती. चार गेली ती 'हवेने', असं तिचं मत. संध्याकाळपर्यंत तोच संदेश मला आणखी तिघांनी पाठवला. त्यातला एकजण तर कोंबड्यांचं खाद्यच विकतो. त्याने निदान स्वतःच्या गल्ल्याची तरी काळजी करायची.

तर फेणीपासूनच सुरुवात करू. कलम सात : 'सर्दी झाल्यास चोचीत पाच थेंब काजूची फेणी, अंगात ऊब राहते.' नुकतं जन्मलेलं पिल्लू साधारण ४० ग्रॅमचं. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर पाच थेंब म्हणजे पाव मिलिलिटर. हेच प्रमाण ६० किलोच्या माणसाला लावा, ३७५ मिलिलिटर होतात. अर्धी बाटली फेणी, एका घोटात, उपाशी पोटी. आमचे काका शिगम्यातसुद्धा एवढी मजल मारत नाहीत. आणि ऊब राहत नाही, उलट जाते. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या फुगतात, आपल्याला गरम वाटतं आणि अंगातली उष्णता बाहेर पडते. पिल्लाला तर पिसं फुटेपर्यंत स्वतःची ऊब धरताच येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याला ३२ ते ३५ अंश उष्णता लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढत असतील तर बल्ब खाली घ्या, चोच उघडी टाकून कडेला पसरली असतील तर वर घ्या. मावशीच्या पिल्लांची 'सर्दी' म्हणजे काय होतं? रात्री वीज गेली होती.

पहिलं कलम सगळ्या संदेशाचा पाया आहे : 'कंपनीच्या खाद्यात हार्मोन असतात, म्हणून कोंबडी ४० दिवसांत तयार होते.' ब्रॉयलर लवकर वाढतो तो पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तसा घडवलेला असतो म्हणून. वाढीचा हार्मोन हे प्रथिन आहे, खाद्यातून दिलं तर डाळीसारखं पचून जाईल. अँटिबायोटिकचं मात्र खरं आहे, आणि हे कबूल करताना मला आनंद होत नाही. कोंबड्यांचं वजन वाढावं म्हणून खाद्यात अँटिबायोटिक घालण्याची सवय या धंद्याला होतीच. कोलिस्टिनसारख्या माणसांसाठी राखून ठेवायच्या औषधावर सरकारला २०१९ मध्ये बंदी घालावी लागली. पण म्हणून स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य, बंद करून पिल्लाला काय द्यायचं? कलम तीन सांगतं, पेज आणि दूध. स्टार्टर खाद्यात वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात, शिजलेल्या शितात तीनसुद्धा नसतात. पोट भरतं, पिल्लू वाढत नाही. दुधातली साखर पक्ष्यांना नीट पचत नाही, जुलाब होतात, विष्ठा शेपटीखाली चिकटून वाळते आणि वाटच बंद होते. चमचाभर आंबट ताकाने काही बिघडत नाही, पण ते अन्न नव्हे.

आता कलम चार, ज्यासाठी मी हे लिहायला बसलो. जसंच्या तसं देतो : 'बुरशी आलेला पाव व जुनी पेंड फेकू नका, भिजवून पिल्लांना द्या. बुरशीपासूनच पेनिसिलिन बनतं. हे फुकटचं अँटिबायोटिक!'

पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंगला १९२८ मध्ये जी बुरशी सापडली ती एक विशिष्ट जात होती. तिच्यातून देता येईल असं औषध वेगळं काढायला इतरांना पुढे दहा-बारा वर्षं लागली. पावसात रोयणीवरची, म्हणजे वारुळावरची, अळंबी आपण सांगेल तो भाव मोजून घेतो, म्हणून रानात दिसेल ती छत्री कोणी कढईत टाकतं का? बुरशीचंही तसंच.

इंग्लंडमध्ये १९६० साली एक लाखाहून अधिक टर्की पक्षी काही महिन्यांत मेले. रोग कळेना, म्हणून नाव पडलं 'टर्की एक्स'. आधी विषाणू असेल असं वाटलं. शेवटी माग लागला तो खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीचा. पेंड ब्राझीलहून आली होती आणि तिच्यावर 'अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस' नावाची बुरशी वाढली होती. त्या बुरशीने पेंडीत सोडलेल्या विषाला तिच्याच नावावरून अफ्लाटॉक्सिन म्हणतात. बदकांची पिल्लंही त्यात गेली. कोंबडीचं पिल्लू बदकाच्या पिल्लापेक्षा बरंच चिवट, पण मोठ्या कोंबडीपेक्षा कितीतरी नाजूक. हे विष यकृत पोखरतं आणि रोगप्रतिकारशक्ती पाडतं. मग मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस वेळेवर देऊनही ती नीट लागू पडत नाही, आणि आपण म्हणतो लसच खोटी होती. ते दिसत नाही, त्याला वास नाही. वरची हिरवट बुरशी खरवडून किंवा पेंड उकळून ते जात नाही. आपल्याकडेही १९७४ मध्ये गुजरात-राजस्थानच्या आदिवासी पट्ट्यात बुरसलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसं दगावली, त्यामागेही हेच विष होतं.

पावावर येणारी बुरशी बहुतेक वेळा दुसऱ्या जातीची असते, हे खरं. पण ती कुठली हे स्वयंपाकघरात उभं राहून कोणाला कळणार? गोव्याच्या पावसाळ्यात पोदेराचा (पाववाल्याचा) पाव तिसऱ्या दिवशी हिरवा पडतो, आणि घाण्यावरची खोबऱ्याची पेंड पोत्यात आतून तापते. पेंडीत धोका पावापेक्षा जास्तच. मावशीने दोन्ही घातलं होतं. तिची चार पिल्लं नक्की कशाने गेली हे मी छातीठोकपणे सांगणार नाही, ती कोणी उघडून पाहिली नाहीत. पण 'हवेने' नक्कीच नाही.

दुसरं आणि पाचवं कलम एकत्र वाचा, अंगावर काटा येतो. दुसरं म्हणतं, आणल्या दिवशी पिल्लांना पाणी दाखवू नका. पोटात शिल्लक असलेल्या बलकावर पिल्लू दोन-तीन दिवस तग धरतं, एवढाच यातला खरा धागा. पण तो बलक प्रवासासाठी असतो, घरी पोचल्यावर सगळ्यात आधी पाणीच. आणि पाचवं : 'पुरुमेंताचा (पावसाळ्याच्या साठवणीतला) सुका बांगडा कुटून द्या, भरपूर प्रोटीन.' कोंबडीखाद्यात मीठ अर्ध्या टक्क्याच्या आसपास ठेवतात. खारवलेल्या बांगड्यात त्याच्या कितीतरी पट असतं. पिल्लाला मीठ बाधतं तेव्हा ते पाण्यासाठी तडफडतं, पातळ हगतं, पोटात पाणी साचून फुगतं. इकडून खारं घालायचं, तिकडून पाणी काढून घ्यायचं!

कांद्याचं कलम : नको, त्याने तांबड्या रक्तपेशी फुटतात. समुद्राच्या वाळूचं : परत मीठच. शिंपल्यांच्या चुऱ्याचं : तो अंड्यावरच्या कोंबडीला. वाढत्या पिल्लाला एवढं कॅल्शियम दिलं तर मूत्रपिंडं बिघडतात.

राहिलं शेवटचं, 'पूर्वीचे लोक पिल्लांना वाळवी घालत'. घालत, आमची आजीही घालायची. वाळवी उत्तम प्रथिन आहे, पिल्लं तुटून पडतात. औषध मारलेल्या लाकडातली तेवढी नको. पण आजीच्या पिल्लांसोबत दिवसभर उकरून खायला शिकवणारी, पंखाखाली घेणारी खुडूक कोंबडी असायची. मावशीच्या पिल्लांना खोका आणि बल्ब आहे. परसातल्या कोंबडीसाठी वनराजा, ग्रामप्रिया या जाती हैदराबादच्या ज्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने तयार केल्या, तेसुद्धा पहिले सहा आठवडे पिल्लं उबेत ठेवून तयार खाद्यावर वाढवा आणि मगच परसात सोडा असं सांगतात. परसासाठीच काढलेल्या कोंबडीला हा नियम, तर बाजारातून आणलेल्या पिल्लाला सूट कशी?

नवीन काही खायला घालूच नये असं नाही. मी स्वतः पहिले दोन आठवडे स्टार्टर आणि स्वच्छ पाणी, याखेरीज काही देत नाही. नंतर एका वेळी एकच नवा पदार्थ : तांबडी भाजी (लाल माठ) अगदी बारीक चिरून, उकडलेल्या अंड्याचा चुरा, किंवा थोडी वाळवी. पंधरा-वीस मिनिटांत संपेल एवढंच, उरलेलं उचलायचं. दोन दिवस विष्ठा बघायची, मगच पुढचा पदार्थ. आणि त्याआधी बशीत धुतलेली जाडसर नदीची वाळू. कोंबडीला दात नाहीत, कलेजी-पेट्यातला पेटा हेच तिचं जातं, आणि खड्यांशिवाय जातं दळणार कशाने? नुसता स्टार्टर चालू असेल तर वाळूचीही घाई नाही. सकाळी हातात पिल्लू घेऊन गळ्याखालची पिशवी चाचपायची. रात्रीचं अन्न तिथेच कडक बसलेलं असेल तर नवीन पदार्थ लगेच बंद.

हे सगळं मावशीला फोनवर सांगितलं. ती गप्प. मग म्हणाली, "आम्ही काय कोंबड्या कधी पाळल्या नाहीत?" पाळल्या, शंभर पाळल्या असतील. खुडुकीने पाळल्या, असं मी म्हणालो नाही.

"बरं, फेणी नाही घालत. बल्ब खाली घेते. मग हे पाव म्हशीला घालू?"

"नको. पेंडही नको. म्हशीने ते विष खाल्लं तर दुधात उतरतं."

"मग खताच्या गायरीत टाकते."

"टाक, पण वर चार घमेली माती ओढ. मोठ्या कोंबड्या उकरतील."